साठीनंतरचा योगवर्ग खुर्चीपासून सुरू व्हावा

महोदय,

वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ‘नवशिक्यांसाठी सोपी आसने’ या मथळ्याखाली पद्मासन, वज्रासन, पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कार आणि कपालभाती हमखास दिसतात. विशीतल्या नवशिक्याला ही यादी चालेल. साठीत पहिल्यांदा योगवर्गाची पायरी चढणाऱ्या माणसासाठी मात्र या पाचांतले एकही सुरुवातीचे नाही. साठीनंतर योग जरूर सुरू करावा, आणि ज्याला आवड व चिकाटी आहे त्याने पुढे तो शिकवावाही. पण या वर्गाचा क्रम निराळा असतो. तरुणांच्या वर्गातली आसने थोडी कमी वाकून, थोडी सावकाश करून घेतली की ज्येष्ठांचा वर्ग झाला, हा समज इतका पसरला आहे की या वयोगटाला शिकवणाऱ्या आम्हा काही शिक्षकांना हे सविस्तर पत्र लिहावेसे वाटले.

पहिली अडचण जमिनीची. खाली बसलो तर उठता येईल का, या धास्तीने अनेकजण पहिल्याच दिवशी माघारी फिरतात. दोष एकट्या गुडघ्यांचा नसतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते, साठीनंतर घट आणखी वेगाने होते, आणि ताकद तर वस्तुमानापेक्षाही वेगाने ओसरते. मांड्या आणि नितंबांचे स्नायू दुबळे झाले की उठण्याचा भार गुडघ्यांवर आणि मनगटांवर पडतो. म्हणून पहिले तीन-चार आठवडे चटई गुंडाळून ठेवावी आणि वर्ग खुर्चीवर घ्यावा.

खुर्ची कोणतीही चालत नाही. बैठक सपाट आणि टणक, उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर, हात नकोत, चाके तर नकोतच. हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या कडेला सरकून बसले की तिचे पाय फाकतात. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवावी. लादी गुळगुळीत असेल तर चारही पायांखाली रबरी चटई घ्यावी. बसल्यावर तळवे पूर्ण टेकत नसतील तर पायांखाली ठोकळा. गुडघे कमरेच्या वर येत असतील तर बैठकीवर घोंगडीची घडी.

या खुर्चीवरचा सर्वांत मोलाचा अभ्यास म्हणजे उठणे आणि बसणे. त्याला कुठल्याही आसनाचे नाव नाही, म्हणून कदाचित तो कुणी शिकवत नाही. बैठकीच्या पुढच्या कडेला यावे, पाय एकमेकांपासून नितंबांच्या रुंदीइतके दूर ठेवून टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, कमरेतून पुढे झुकावे आणि नाक पायाच्या बोटांच्या वर आले की श्वास सोडत उभे राहावे. ज्यांना उठवत नाही ते बहुधा पुरेसे झुकलेले नसतात. पाठ ताठ ठेवून सरळ वर जाऊ पाहतात आणि मागे कोसळतात. बसताना चार अंक मोजत सावकाश खाली यावे, शेवटच्या वीतभर अंतरात धपकन सोडून देऊ नये. ताकद खरी वाढते ती या खाली येण्यातच. गुडघे आतल्या बाजूला झुकत असतील तर दोन्ही मांड्यांभोवती पट्टा सैलसर बांधून त्याला बाहेर ढकलत उठायला सांगावे. सुरुवातीला पाच वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा पाच वेळा. हातांचा आधार न घेता सलग आठ-दहा वेळा जमू लागले की जमिनीकडे वळायला हरकत नाही.

मग जमिनीवर जाणे हे स्वतंत्रपणे शिकवावे, त्यासाठी एक अख्खा तास खर्च झाला तरी चालेल. खुर्ची समोर घ्यायची, दोन्ही तळहात बैठकीवर. जोरकस पाय पुढे ठेवून दुसऱ्या पायाचा गुडघा जाड घडीवर टेकवायचा, मग पुढचाही गुडघा खाली. हात एकेक करून जमिनीवर, म्हणजे माणूस चार पायांवर येतो. तिथून एका बाजूला बसायचे, कोपर टेकवायचे, कुशीवर आडवे व्हायचे आणि शेवटी उताणे. उठताना नेमका उलटा क्रम. उताण्या स्थितीतून डोके उचलून थेट उठून बसणे कटाक्षाने टाळायचे; त्यात कण्यावर मोठा ताण येतो, श्वासही रोखला जातो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब उसळतो. यावर साधा उपाय असा की उठताना मोठ्याने आकडे मोजायला लावावेत. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

खुर्चीवर बसून केले तो कसला योग, असे नाक मुरडणारे भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की खुर्ची, पट्टा, ठोकळे आणि लोड यांचा पद्धतशीर वापर योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनीच रुजवला, आणि शिस्तीच्या बाबतीत त्यांना ढिले म्हणण्याची कुणाची टाप नव्हती.

उभ्या आसनांत तोलाचा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम करावा. म्हणजे वृक्षासन आणि ताडासन ही या वर्गातली मुख्य आसने ठरतात. अंग मोकळे करण्याच्या नादात ती उरकली जातात. वृक्षासनासाठी खोलीचा कोपरा भिंतीपेक्षा चांगला, कारण दोन्ही बाजूंना हात टेकता येतो. उचललेल्या पायाची टाच उभ्या पायाच्या घोट्याला लावावी आणि बोटे जमिनीवरच ठेवावीत. पुढे पोटरीपर्यंत न्यावे. तळवा गुडघ्यावर मात्र कधीच टेकवू नये. गुडघ्याला बाजूने दाब सोसत नाही. आधी तीन श्वास पुरेत. हाताचे एक बोट भिंतीला लागलेले असले तरी तोल सांभाळणारे स्नायू काम करतात, त्यामुळे तो आधार सोडण्याची घाई नको.

तोल जाण्याची दोन कारणे शिक्षकांच्या लक्षात येत नाहीत. एक, चष्मा. आसनांच्या आधी चष्मा काढून ठेवायची पद्धत आहे. आडवे असताना ठीक, पण तोल सांभाळण्यात डोळ्यांचा वाटा मोठा असतो. उभ्या आसनांत चष्मा नाकावर हवाच. त्यातही दुहेरी भिंगाचा असेल तर खालच्या भिंगातून जमीन पुसट दिसते, म्हणून नजर समोर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला सांगावे. दुसरे, चटई. म्हातारी हाडे म्हणून प्रेमाने जाड मऊ चटई आणली जाते, आणि तीवर घोटा डुगडुगतो. चार ते सहा मिलिमीटरची घट्ट चटई घ्यावी, आणि मऊपणा गुडघ्याखाली लागेल तिथे घडी घालून द्यावा.

आता पुढे वाकण्याबद्दल, कारण खरा गोंधळ इथे आहे. बसून पाय लांब करणे आणि बोटे पकडायला वाकणे, म्हणजे पश्चिमोत्तानासन, हे बिनधोक वाटते. पण साठीतल्या माणसाच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे ओटीपोट पुढे झुकत नाही आणि सगळा बाक पाठीच्या मणक्यांतून काढला जातो. हाडे ठिसूळ असतील तर मणक्यांची पुढची बाजू दाबाखाली चेपू शकते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर कण्याची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया होत्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवी मोडतोड आढळली. मागे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास छोटा आणि जुना आहे, पण त्याची दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही. शिवाय हाडांचा ठिसूळपणा दुखत नाही. अनेकांना तो पहिल्या अस्थिभंगानंतरच कळतो. त्यामुळे तपासणी झालेली नसेल तर तो आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

मग काय करावे? मांडीमागचे स्नायू मोकळे करायला उताणे झोपून एका तळव्याला पट्टा अडकवून पाय वर घ्यावा, दुसरा गुडघा वाकलेला ठेवावा. पाय नव्वद अंशांत आला नाही तरी बिघडत नाही. कंबर जमिनीवर सपाट राहिली पाहिजे. उभ्याने करायचे तर भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीला लावावेत आणि पाय मागे नेत नेत धड जमिनीला समांतर आणावे, गुडघे हवे तेवढे वाकवून. यात पाठ लांब राहते आणि घडी जांघेत पडते. भुजंगासन पालथे झोपून, पण हातांनी ढकलून नव्हे. तळहात जमिनीपासून बोटभर उचलता येतील एवढीच छाती वर घ्यावी. आरशात पाहिले तर फारसे काही घडल्यासारखे वाटणार नाही, पण पाठीच्या स्नायूंना काम मिळते. सेतुबंधासनात मांडीमागे गोळा येतो, कारण टाचा नितंबांपासून फार दूर असतात. त्या जवळ घेतल्या आणि टाचेवर दाब दिला की गोळा सुटतो.

याला अपवादही आहे. ज्यांच्या कण्यातली पोकळी अरुंद झाली आहे त्यांना थोडे चालले की पायांत मुंग्या आणि जडपणा येतो, आणि पुढे वाकून किंवा बसून बरे वाटते. अशा माणसाला भुजंगासन त्रासाचे ठरते. एकाच वर्गात शेजारीशेजारी बसलेल्या दोघांची औषधे उलटी असावीत तसा हा प्रकार आहे. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी विचारपूस हवी.

डोळ्यांचे तसेच. काचबिंदू असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन आणि भिंतीला पाय लावून केलेली विपरीतकरणी या चार आसनांत डोळ्यांतला दाब मोजला गेला. चारहींत तो मिनिटभरात वाढला, आणि सर्वाधिक वाढ अधोमुख श्वानासनात होती. म्हणजे निवांत समजली जाणारी विपरीतकरणीसुद्धा काचबिंदूवाल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. त्यांच्यासाठी पिंडऱ्या खुर्चीच्या बैठकीवर टेकवून, डोके छातीच्या पातळीखाली न नेता पडणे पुरेसे विसाव्याचे आहे. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन तर या वर्गात सरसकट वर्ज्य ठेवावीत. मानेच्या झिजलेल्या मणक्यांवर अख्ख्या शरीराचा भार टाकण्याने मिळणारा कोणताही फायदा त्या धोक्याच्या तोडीचा नाही. संपादक महोदय, आपल्या पुरवणीत आसनाचे चित्र येते तेव्हा ते कुणी करू नये हेही त्याच आकाराच्या अक्षरांत छापता येईल का? सध्या ती ओळ तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असते, आणि ज्यांनी ती वाचायला हवी त्यांनाच ती दिसत नाही.

सूर्यनमस्काराबद्दल थोडक्यात. डोके वर, खाली, पुन्हा वर असे अर्ध्या मिनिटात होते, मनगटे काटकोनात दबतात आणि एकेक पाय मागे टाकताना तोल जातो. खुर्चीवर बसून किंवा भिंतीशी त्याचे भाग सुटे करून शिकवावेत, जोडण्याची घाई करू नये. पद्मासनाचा आग्रह तर सोडूनच द्यावा: खुब्याचा सांधा बाहेर वळत नसेल तर तेवढा पीळ गुडघ्याला बसतो आणि तिथली झिजलेली कूर्चा फाटू शकते. वज्रासनात नितंब आणि टाचांमध्ये उशी घ्यावी. तरीही गुडघ्याच्या आत टोचले तर लगेच उठावे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर किती वाकवायचे आणि कोणती दिशा टाळायची हे शल्यचिकित्सकाकडून लिहून आणायला सांगावे.

प्राणायामात मोह फार. कपालभातीचे झटके उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया आणि काचबिंदू असणाऱ्यांना नकोत. आणि साठीच्या वर्गात यांपैकी एकही नसलेले किती निघतील? सुरुवात श्वास मोजण्यापासून करावी: तीन अंकांत आत, चार किंवा पाच अंकांत बाहेर, कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणे अजिबात नाही. धाप लागली, जांभया येऊ लागल्या किंवा पुढचा श्वास ओढून घ्यावा लागला तर आकडा लांबला आहे असे समजून एक अंक कमी करावा. अनुलोम-विलोमात हात भरून येतो आणि माणूस खांदा उचलून मान वाकडी करतो. कोपराखाली लोड किंवा दोन उशा द्याव्यात. नाक चोंदलेले असेल तर नुसती भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव.

शवासनात पाठीला पोक असलेल्यांचे डोके मागे पडते आणि हनुवटी छताकडे जाते, मग मान अवघडते, कधी गरगरते. डोक्याखाली दोन ते पाच सेंटिमीटर जाडीची घडी अशी ठेवावी की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. गुडघ्यांखाली लोड. शवासनानंतरचा अर्धा मिनिट हा वर्गातला सर्वांत धोक्याचा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर त्याला वैद्यकात ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे वारंवार दिसते. म्हणून आधी कुशीवर, मग बसून निदान मिनिटभर, पायांची बोटे आणि पोटऱ्या हलवून मग उभे. दारापाशी चपला वाकून घालण्याऐवजी खुर्चीवर बसून घालाव्यात.

‘उपाशीपोटी’ हा नियमही जसाच्या तसा लावू नये. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने सकाळी काही न खाता तासभर आसने केली तर साखर धोकादायकपणे घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसले की अभ्यास थांबवून साखर द्यावी. तेवढी वर्गात ठेवलेलीच असावी. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल तर अनवाणी वर्गानंतर तळवे पाहण्याची सवय लावावी.

उतारवयात शिकून शिकवू लागणाऱ्यांसाठी आता दोन शब्द. त्यांचा मोठा गुण असा की न वाकणारे अंग म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मोठा दोषही तिथेच दडलेला: आपल्या ज्या दुखण्याला जे आसन लागू पडले ते सगळ्यांना लागू पडेल असे वाटू लागते. एखाद्या गोळीबद्दल ‘आता हिची गरज नाही’ हे वाक्य तर योगशिक्षकाच्या तोंडून कधीच येता कामा नये.

पहिल्या दिवशी लेखी विचारावे: रक्तदाब, साखर, हृदय, डोळे, हाडांची तपासणी, सांध्यांच्या शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे, झोपेच्या गोळ्या. आणि एक प्रश्न जो हमखास सुटतो, गेल्या वर्षभरात कधी पडलात का? ‘हो’ असे उत्तर आले तर त्या व्यक्तीची जागा भिंतीशी.

एका शिक्षकाने आठ-दहांपेक्षा जास्त जण घेऊ नयेत. खुर्चीवरचा प्रकार आधी दाखवावा आणि तोच मुख्य प्रकार म्हणून दाखवावा. पूर्ण आसन करून दाखवले की सगळ्यांचे डोळे तिकडेच लागतात, आणि मग ‘जेवढे जमेल तेवढेच’ या सूचनेला काही अर्थ उरत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी संगीत बंद ठेवावे, वर्गाकडे पाठ करून बोलू नये, आणि विद्यार्थी डोके खाली घालून असताना नवी सूचना देऊ नये. तो ती ऐकायला मान वर करतो. डावा-उजवा म्हणण्यापेक्षा ‘खिडकीकडचा पाय’, ‘दाराकडचा हात’ म्हटले की गोंधळ मिटतो. एका वेळी एकच सूचना. पाठीवर हात ठेवून दाबणे, पाय ओढणे बंद. स्पर्श हवा तर विचारून, आणि तोही दिशा दाखवण्यापुरता. एक मिनिट स्थिर राहण्यापेक्षा तीन श्वास, विश्रांती, पुन्हा तीन श्वास हे या वयाला मानवते.

दुखणे कोणते चालेल हे रोज सांगावे लागते. स्नायूच्या मध्यभागी ताण, दुसऱ्या दिवशी हलकी ठणक, हे ठीक. सांध्यात टोचणे, पायात वीज उतरल्यासारखी कळ, छातीत दाब, डोळ्यांसमोर अंधारी यांपैकी काहीही झाले तर अभ्यास तिथेच थांबवायचा. छातीतल्या दाबाला ‘गॅसेस’ म्हणून बसवून ठेवू नये, तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. तिचा दूरध्वनी क्रमांक आणि प्रत्येकाच्या घरच्यांचा क्रमांक वर्गात भिंतीवर लावलेला असावा.

वर्ग दोन महिने पुढे गेला असताना एखादा नवा सदस्य आला, तर त्याला शेवटच्या रांगेत उभे करून ‘बघत बघत करा’ म्हणू नये. त्याला पहिले काही दिवस वीस मिनिटे आधी बोलवावे, खुर्चीवरून उठणे-बसणे करून घ्यावे, आणि मुख्य वर्गात बाकीचे जमिनीवर गेले तरी त्याला खुर्चीवरच ठेवावे.

आपले,
उतारवयातील नवशिक्यांना शिकवणारे काही योगशिक्षक